जुन्या ट्रॉलीतली जाहिरात कार्डं: ओळखायची कशी, उतरवायची कशी आणि परत लावायची कशी

अमेरिकेत ट्रामला ट्रॉली म्हणतात. तिथे कुठल्याही ट्रॉली म्युझियममधे गेलात आणि जुन्या डब्यात बसलात तर आधी मान थोडी वर करा. खिडक्या संपून छत सुरू होतं तिथे आतल्या बाजूला वळलेला एक पट्टा दिसेल, त्याच्या वर एक आणि खाली एक अशा लाकडाच्या नाहीतर पत्र्याच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या खाचेत अडकवलेली पुठ्ठ्याची कार्डं, साबण, सूप, च्युइंगगम, लाँड्री, काय वाट्टेल ते. यांना तिकडे कार कार्ड म्हणतात. मी वीकेंडला अशाच एका म्युझियममधे व्हॉलंटिअर म्हणून जातो, तिथे मोटर आणि ब्रेकची कामं करणारी माणसं भरपूर आहेत पण या कार्डांसाठी कोणाला वेळच नसतो, म्हणून ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. आपली बरीच मराठी मंडळी अमेरिकेत आहेत, काहीजण हौसेने अशा ठिकाणी मदत करतात, काहींना जुन्या बाजारात एखादं कार्ड मिळतं, त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुटं कार्ड हे एक छान चित्र असतं, पण गाडीत जागेवर असलेलं कार्ड हे त्या गाडीचं कॅलेंडर असतं. ही गाडी शेवटची कधी धावली, कुठल्या शहरात धावली, आत कोण बसायचं, हे ते कार्ड सांगतं, आणि तुम्ही ते घाईने ओढून काढलंत की ही माहिती कायमची गेली. म्हणून हात लावायच्या आधी नोंद.

थोडा इतिहास, कामापुरता

या कार्डांचं ठरलेलं माप ११ इंच उंच आणि २१ इंच रुंद, म्हणजे साधारण २८ बाय ५३ सेंटिमीटर. नंतरच्या काळात यापेक्षा लांब कार्डंही आली, पण ट्रॉलीच्या जमान्याचं माप हेच. एकच माप का, तर बॅरन कॉलिअर नावाच्या माणसाने १९०० च्या आसपास गावोगावच्या ट्रॉली कंपन्यांकडून जाहिरातीच्या जागेचे हक्क घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू देशभर त्याचं जाळं झालं, मग एकदा छापलेलं कार्ड कुठल्याही शहरातल्या गाडीत बसायला हवं ना. या धंद्यात त्याने इतका पैसा केला की फ्लोरिडात दहा लाख एकरांहून जास्त जमीन घेतली, आणि १९२३ साली तिथे झालेल्या कौंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला) त्याचंच नाव आहे.

मोठमोठे ब्रँड या कार्डांवरच वाढलेत. कॅम्पबेल सूपची ट्रॉलीतली जाहिरात १८९९ ची, आणि ती गोबऱ्या गालांची कॅम्पबेल मुलं १९०४ साली ग्रेस वीडरसाइम या चित्रकार बाईंनी ट्रॉलीच्या कार्डांसाठीच काढली. सॅपोलिओ साबणाने १९०० मधे एक चकाचक गाव कल्पून त्यातल्या माणसांवर यमकं जुळवून कार्डं काढली, लोक पुढच्या कार्डाची वाट बघायचे. लॅकावाना रेल्वेची फीबी स्नो ही पांढऱ्या कपड्यातली बाई तर मला सगळ्यात आवडते, आमची इंजिनं अँथ्रासाइट कोळशावर चालतात, धूर काजळी कमी, त्यामुळे प्रवासात पांढरे कपडे पांढरेच राहतात, एवढी साधी गोष्ट, पण कार्ड बघितलं की लगेच कळते. ट्रॉलीत बसलेल्या माणसाकडे वेळ असतो, समोर बघण्याशिवाय दुसरं काही नसतं, हे या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

आधी वीज, मग कार्ड

आता कामाला लागू. गाडी शेडमधे उभी आहे म्हणजे मेली आहे असं समजू नका. ट्रॉलीच्या वायरमधे साधारण ६०० व्होल्ट डीसी असतो आणि जुन्या गाड्यांमधे दिवे पाच पाचच्या माळेने जोडलेले असतात, प्रत्येक दिव्याला साधारण १२० व्होल्ट, म्हणून एक दिवा गेला की पाचही विझतात. पण विझलेला दिवा म्हणजे वीज नाही असं अजिबात नाही, होल्डरमधे पूर्ण दाब असू शकतो, आणि कार्डांच्या पट्ट्या दिव्यांच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे गाडीच्या जबाबदार माणसाला सांगून पोल (छतावरचा, वायरमधून वीज घेणारा दांडा) खाली घ्यायला लावायचा, बांधून ठेवायचा, सबवेचा म्हणजे भुयारी रेल्वेचा डबा असेल तर थर्ड रेलचा (रुळांशेजारच्या वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळाचा) संबंध तोडलाय याची खात्री करून घ्यायची, आणि मगच शिडी लावायची. जुन्या रंगात शिसं असतं, खाचेतली धूळ म्हणजे अर्धा रंगाचाच भुगा, म्हणून मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे. खाचेत सुकलेले किडे, उंदराची घाणही निघते.

नोंद कशी करायची

कागदावर डब्याचा साधा नकाशा काढा. पुढचं टोक मागचं टोक ठरवा (दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या गाडीत हे ठरवावंच लागतं, बहुतेक म्युझियमांची आपली पद्धत असते ती विचारा), मग डावी बाजू उजवी बाजू आणि प्रत्येक जागेला नंबर. प्रत्येक जागेचे दोन फोटो, एक समोरून आणि एक टॉर्च बाजूला धरून तिरप्या उजेडात, तिरप्या उजेडात चिरा, फुगवटे, दुमडलेल्या रेघा सगळं दिसतं. फोटोत मोजपट्टी आणि रंग जुळवायचं कोरं राखाडी कार्ड ठेवा, नाहीतर नंतर रंग जुळवताना डोकं धराल.

आणि रिकाम्या जागांचेही फोटो काढा. लोक हे हमखास विसरतात. रिकाम्या खाचेत जुन्या कार्डाची कडेची चिंधी अडकलेली असू शकते, मागच्या लाकडावर पुसट सावली असू शकते. कार्ड बदलणारा माणूस कधी कधी जुनं न काढता नवीन त्याच्यावरच सरकवायचा, त्यामुळे एका खाचेत दोन तीन थर सापडू शकतात, सगळ्यात मागचं सगळ्यात जुनं. हा क्रम लिहून ठेवा. काही कार्डं दोन्ही बाजूंनी छापलेली असतात, म्हणून पाठ बघितल्याशिवाय मागचा कागद कोरा आहे असं लिहू नका.

डब्याच्या टोकाला थुंकू नका वगैरे सूचनांच्या पाट्या असतात, त्या जाहिराती नाहीत म्हणून सोडू नका, त्याही याच नोंदीत घ्या.

उतरवताना

इथे मी एकदा चुकलोय आणि ते अजून मनाला लागतं. एक कार्ड सैल दिसलं म्हणून मी खालच्या कडेला बोट घालून ओढलं, आणि कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला. कागद वरून चांगला दिसतो पण लाकडाच्या लगद्याचा असल्यामुळे आम्लाने आतून ठिसूळ झालेला असतो, त्यात दिव्याची उष्णता वर्षानुवर्षं, आणि वळणात बसून बसून त्याला कायमचा बाक आलेला असतो.

त्यामुळे आधी एका कोपऱ्याची लवचीकता बघा, अगदी किंचित. कडकड वाटलं तर ओढायचं नाहीच, वरची किंवा खालची पट्टी सोडवायची. पट्टीचे स्क्रू जुने असतात, त्यांचं डोकं झिजवू नका, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि कुठला स्क्रू कुठला ते छोट्या पिशवीत जागेच्या नंबरासकट ठेवा. दोन माणसं हवीत. एक पट्टी सोडवतो, दुसरा कार्डाखाली पातळ फोमचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार धरतो आणि कार्ड त्या आधारावरच खाली येतं, हातावर नाही. कार्ड चांगलं लवचीक असेल तर पट्टी न काढताही निघतं, मधोमध किंचित आतल्या बाजूला बाक द्यायचा, वरची कड खाचेत थोडी वर सरकवायची, खालची कड सुटते.

उतरलं की त्याला सपाट करायचा मोह आवरा. बाकदारच ठेवा, बॉक्समधे गुंडाळलेल्या मऊ कागदाच्या उशीवर. सपाट करायचं ते नंतर, आणि सगळी कार्डं सपाट करायची नसतातच.

साल कसं ओळखायचं

हा माझा सगळ्यात आवडीचा भाग, यात तासन्‌तास जातात. कार्डावर तारीख क्वचित असते पण खुणा खूप असतात. अमेरिकेचा झेंडा असेल तर तारे मोजा, ४८ तारे म्हणजे १९१२ ते १९५९ च्या मधलं, ४९ असतील तर फक्त जुलै १९५९ ते जुलै १९६०. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक दोन आकडी नंबर असेल, न्यू यॉर्क १७ असा, तर ते मे १९४३ नंतरचं, आणि पाच आकडी झिप कोड असेल तर जुलै १९६३ नंतरचं. निळ्या गरुडाचं चिन्ह म्हणजे मंदीच्या काळातली सरकारी मोहीम, १९३३ मधे सुरू झाली आणि मे १९३५ मधे सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला, म्हणजे दोनच वर्षांची खिडकी. बिअरची जाहिरात असेल तर दारूबंदीच्या आधीचं किंवा एप्रिल १९३३ नंतरचं. औषध किंवा खाण्याच्या वस्तूवर ३० जून १९०६ च्या कायद्याखाली हमी असं छापलं असेल तर साधारण त्यानंतरच्या दहाबारा वर्षांतलं.

युद्धाची कार्डं तर महिन्यापर्यंत नेतात. डिफेन्स बाँड लिहिलंय की वॉर बाँड (सरकारने लोकांना विकलेले युद्धखर्चाचे रोखे) ते बघा, पर्ल हार्बरच्या आधी डिफेन्स, अमेरिका युद्धात उतरल्यावर वॉर. रोखे विकायची कितवी मोहीम ते लिहिलं असेल तर अजून सोपं, पाचवी जून १९४४ ची, सातवी मे आणि जून १९४५ ची.

न्यू यॉर्क सबवेच्या डब्यांसाठी अजून दोन गोष्टी. भाडं १९०४ पासून १९४८ च्या जूनअखेरपर्यंत पाच सेंटच होतं, त्यामुळे कार्डावर भाड्याचा उल्लेख आला की लगेच कळतं. आणि मिस सबवेज. १९४१ पासून १९७६ पर्यंत शहरातल्या साध्या नोकरदार, शिकणाऱ्या मुलींचे फोटो आणि दोन ओळी माहिती कार्डावर छापून सगळ्या डब्यांत लावायचे, सुरुवातीला दर महिन्याला नवीन मुलगी. १९४८ साली थेल्मा पोर्टर ही पहिली कृष्णवर्णीय मिस सबवेज झाली, मोठमोठ्या सौंदर्यस्पर्धांच्या कितीतरी आधी. असं कार्ड मिळालं तर जपा, तारीख तर मिळतेच पण त्या शहराने स्वतःला कसं बघितलं तेही मिळतं.

एक सावधगिरी, या खुणांवरून कार्ड अमुक सालाच्या आधी असू शकत नाही एवढंच पक्कं कळतं. जुनी कार्डं गाडीत वर्षानुवर्षं राहायची. त्यामुळे नोंदीत "१९४३ नंतर" असं लिहा, "१९४३" असं नको.

अस्सल की नक्कल

म्युझियमच्या गाड्यांमधली बरीच कार्डं नंतर छापलेली असतात, त्यात लपवाछपवी काही नाही, पण पुढच्या माणसाला कळायला हवं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कार्ड कसं छापलंय ते त्यात दिसतं, जुन्या दगडी लिथोमधे (दगडावरून केलेल्या छपाईत) ठिपके वेडेवाकडे, खडूने घासल्यासारखे दिसतात, ऑफसेटमधे रंगीत ठिपक्यांची नीटनेटकी फुलं दिसतात, सिल्कस्क्रीनमधे ठिपकेच नाहीत, शाईचा जाड थर हाताला लागेल इतका. आणि घरगुती इंकजेटमधे बारीक फवारा. मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा आणणारी द्रव्यं असतात, ती निळसर चमकतात. १९१५ चं म्हणून दिलेलं कार्ड असं चमकलं तर ते १९१५ चं नाही. उलटं मात्र खरं नाही, चमकलं नाही म्हणजे जुनंच असं नाही, आजकालचे चांगले आम्लमुक्त कागदही चमकत नाहीत. बाजारात विकत घेताना तर ही टॉर्च खिशात हवीच.

स्वच्छता आणि साठवण

पाणी नाही. ओलं फडकं नाही. मऊ ब्रशने मधून बाहेर, मग काजळी काढायचा कोरडा रबरी स्पंज मिळतो तो हलक्या हाताने टिपत जायचा, घासायचा नाही. बुरशी दिसली तर ते कार्ड वेगळ्या पिशवीत आणि बाकीच्यांपासून लांब, आधी ते.

बाक काढायचा असेल तर झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात तळाला ओलसर टीपकागद, वर जाळी, जाळीवर कार्ड, काही तास वाफेशिवाय नुसता दमटपणा मिळू द्यायचा आणि मग दोन कोरड्या टीपकागदांत घालून वर काच नि हलकं वजन, दोन चार दिवस. पण चकचकीत लेप असलेल्या कार्डाला हे करू नका, त्या लेपात माती असते, ओल लागली की तो चिकट होतो आणि टीपकागदाला चिकटून चित्रासकट निघून येतो. शाई पाण्यात पसरते का ते आधी कोपऱ्यात कापसाच्या काडीने बघा. जरा शंका आली तर कागद संवर्धन करणाऱ्या माणसाकडे द्या, पैसे लागतात पण कार्ड राहतं.

सेलोटेप कधीही नाही. लॅमिनेशन तर अजिबातच नाही, आपल्याकडे मार्कशीट लॅमिनेट करायची सवय आहे तीच इथे घात करते, एकदा केलं की परत निघत नाही. फाटलं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. ठेवायला पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट, एक कड उघडी, आत मागे आम्लमुक्त कागद, आणि आडवं सपाट बॉक्समधे. दमटपणा ३५ ते ५० टक्क्यांच्या आत. मुंबईत किंवा कोकणात घरी ठेवणाऱ्यांना पावसाळ्यात हे अवघड आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि दर महिन्याला ते बदला, कपाटाची भिंतीला लागलेली बाजू टाळा.

नक्कल छापून गाडीत लावणं

माझं मत स्पष्ट आहे, अस्सल कार्ड बॉक्समधे आणि नक्कल गाडीत. उन्हात गाडी फिरते, एका उन्हाळ्यात लाल आणि पिवळा उडतो आणि सगळं निळसर उरतं. काही जुने जाणते म्हणतात की कार्ड ज्यासाठी बनलं तिथेच असावं, त्यांची भावना मला समजते, पण उडालेला रंग परत येत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला. ए३ स्कॅनरवर हे कार्ड एका वेळी मावत नाही, ए३ ची लांबी ४२ सेंटिमीटर आणि कार्ड ५३, त्यामुळे दोन भागांत, मधे चांगला एक तृतीयांश भाग दोन्हीकडे येईल असं, आणि नंतर जोडायचं. पूर्ण फाइल साधारण ६६०० बाय १२६०० पिक्सेलची होते, ती तशीच मूळ म्हणून ठेवा, दुरुस्ती कॉपीवर करा. रंग जुळवायला एक युक्ती, कार्डाची जी कड पट्टीखाली खाचेत दडलेली होती तिला ऊन लागलेलंच नाही, तिथे मूळ रंग जवळपास जसाच्या तसा असतो, तो पकडा आणि बाकीचं त्यावरून चढवा. पण खूप चढवू नका, जुनी शाई आजच्या स्क्रीनसारखी भडक नव्हती.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा, मॅट, पिगमेंट शाईवर. आणि छापणाऱ्याला सांगा की कागदाचा दाणा (तंतूंची दिशा) लांबीच्या दिशेने हवा. कार्ड आडव्या अक्षाभोवती वाकतं, दाणा उभा असेल तर ते वळणात नीट बसत नाही, रेघा पडतात आणि मधेच उसळून बाहेर येतं, आमची पहिली बॅच अशीच वाया गेली होती. उंची खाचेच्या मापाने दोन मिलिमीटर कमी ठेवा. पाठीवर नक्कल आणि छापल्याचं साल ठळक लिहा, पेन्सिलने नको, छापूनच घ्या. हक्कांचं म्हणाल तर अमेरिकेत प्रसिद्ध होऊन ९५ वर्षं पूर्ण झालेली कार्डं, त्या वर्षाच्या शेवटानंतर, बिनधास्त छापता येतात, त्यानंतरच्यांचं एकेक बघावं लागतं, आणि ब्रँड अजून चालू असेल तर ते विकायला काढण्याआधी विचारून घ्या.

आता कुठली लावायची. आधी म्युझियमने गाडी कुठल्या सालात दाखवायची ठरवलंय ते विचारा, रंग, आसनं, सगळं त्या सालाचं केलेलं असतं आणि मग १९३५ च्या गाडीत १९४४ चं वॉर बाँडचं कार्ड आलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी. शहर पण जुळवा. कॉलिअरच्या जाळ्यातली देशभराची कार्डं कुठेही चालतात पण गावच्या दुकानाचं, लाँड्रीचं कार्ड त्याच गावच्या गाडीत. मला गावची कार्डंच जास्त मोलाची वाटतात, च्युइंगगमचं कार्ड शंभर ठिकाणी मिळेल, एखाद्या लहान गावच्या कोळशाच्या वखारीचं कदाचित तेवढं एकच उरलेलं असेल. काही कार्डांवर काळ्या किंवा चिनी लोकांची हीन चित्रं असतात. ती फेकायची नाहीत, नीट नोंद करून जपायची, पण लहान मुलं बसतात त्या गाडीत माहितीशिवाय टांगायची नाहीत.

लावताना खालची कड आधी खाचेत, मग दोन्ही तळव्यांनी मधे हलका बाक, वरची कड खाचेत सोडा, कार्ड स्वतःच ताणून बसतं. एका टोकापासून सुरू करा आणि सरकवत न्या. स्टेपल नाही, खिळा नाही, दुहेरी टेप नाही. दिव्याच्या अगदी खाली येणारी जागा हंगामात दोनदा तपासा, तिथे नक्कलसुद्धा तपकिरी होते.

मुंबईतही हे काम होऊ शकलं असतं. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, आणि नंतर डबे मोडीत गेले. घरात कोणाकडे ट्राममधली पत्र्याची पाटी, तिकीट, जाहिरातीचा कागद असेल तर वर सांगितल्यासारखाच आधी फोटो काढा, कोणाकडून आलं ते आजोबांना आत्ताच विचारून लिहून ठेवा, आणि वडाळ्याच्या आणिक डेपोतल्या बेस्टच्या म्युझियममधे नेऊन दाखवा.

सगळी कार्डं लागली की एक शेवटचं काम. पोल परत वर चढवायला सांगा, दिवे लावा, आणि प्रत्येक आसनावर एकदा बसून समोरचं कार्ड वाचता येतं का बघा, उभं राहून नाही, बसून. उजेड कार्डावर चमकत असेल तर अजून मॅट कागद घ्या, अक्षर पट्टीखाली जात असेल तर दोन मिलिमीटर सरकवा. मग पहिल्या नकाशाच्या शेजारी दुसरा नकाशा काढा, आज काय लावलं ते, तारीख घालून, आणि तो गाडीच्या फाइलला लावा.